गोदामातला बाप

मंडपाच्या धंद्यात गाद्या झाडल्या की त्यातून काय काय पडतं! टाचण्या, सुपाऱ्या, कानातलं एक (दुसरं कधीच नाही), अर्धा लाडू, एकदा तर कुणाची तरी कवळी. किस्स्यांचं तसंच आहे. मी चाळीस वर्षं गाद्या झाडतोय. एक गोष्ट सांगायला उचलावी तर तिच्याखालून आणखी चार पडतात. कवळी परत न्यायला निदान माणूस आला, किस्से न्यायला कोणी येत नाही. ते सगळे माझ्याकडेच साठलेत.

माझं नाव मारुती. शिक्षण चौथी. तीही मास्तरांच्या मुलीच्या लग्नात माझ्या बापाने मंडप टाकला म्हणून पास! गोदाम आमचं कल्याणला. आता हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मोबाईल. हल्ली जो उठतो तो मोबाईलमध्ये तोंड घालून सांगतो, चांगला बाप कसा असावा. माझी सून मला असले व्हिडिओ पाठवते. दहा-दहा मुद्दे असतात. परवा एक जण असाच मुद्दे सांगत होता आणि त्याच्या मागे त्याचं स्वतःचं पोर बोंबलत होतं! हा आपला सातव्या मुद्द्यावर!

म्हटलं, आमच्याकडे पण एक बाप आहे. दहातल्या आठ मुद्द्यांत नापास. त्याचेच किस्से सांगतो. ज्याला पटणार नाहीत त्याने आपल्या घरी आपला बाप वापरावा.

*

बबन हा आमच्याकडचा सगळ्यात चांगला बांधणारा आणि सगळ्यात वाईट बोलणारा. दिवसाला वीस शब्द बोलला तर खूप, त्यातले बारा "ओढ" आणि "सोड". त्याची बायको सुनंदा काविळीने आठ दिवसांत गेली. पोरगी ईश्वरी तेव्हा चार वर्षांची. तिला सगळे ईशू म्हणतात.

तेराव्याला ठाण्याहून सुनंदाचा भाऊ आला, संजय. ईशूचा मामा. घोडबंदर रोडला बावीस मजली टॉवरमध्ये राहतो, ऑफिसात मोठा साहेब आहे. माणूस वाईट नाही हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर मजा आली असती. बहिणीसाठी ढसाढसा रडला, मग तोंड धुतलं आणि जेवणाच्या पंगतीनंतर सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही पहाटे टेम्पोवर जाणार, लग्नसराईत चार-चार दिवस घरी नसणार. पुरुषमाणसाला मुलगी वाढवणं जमत नाही. साधी वेणी तरी बांधता येते का तुम्हाला?"

मी मध्ये पडलो. मला कोणी विचारलेलं नव्हतं, पण विचारेपर्यंत थांबलो असतो तर आयुष्यात काहीच बोललो नसतो. "मामासाहेब, हा माणूस तीस फुटांवर लोंबकळून बांबू बांधतो, आणि तुम्ही त्याला विचारताय, बांधता येतं का!"

तेराव्याला लोक हसले. सुनंदाच्या मावशीने मला हातातला पंखा मारला.

शेवटी ठरलं ते असं. चौथीपर्यंत ईशू बापाकडे. चौथीचा निकाल लागला की ठाण्याला मामाकडे, कायमची. तिथे तिला खोली आहे, मोठी शाळा आहे आणि वैशालीमामी आहे, जिला मूलबाळ नाही. सगळ्यांनी बबनकडे बघितलं. तो वर बघत होता. मंडप आम्हीच टाकलेला.

"त्या कोपऱ्यातली गाठ ढिली आहे," तो म्हणाला आणि उठून ती आवळायला गेला.

मामाने तो होकार धरला!

*

मग शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी बबनने वेणी घातली. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबिनी. पोरीला गोदामात उभी करून आम्ही चारही बाजूंनी बघितलं. आमचे शेठ बाळाराम, इथलेच गाववाले. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि पास केलं, "लेव्हलमंदी हाय!"

दुपारी शाळेतून बाईंचा फोन. "ईश्वरीचे बाबा का? जरा ताबडतोब येता?"

मी आणि बबन धावत गेलो. बघतो तर मध्ये ईशू स्टुलावर बसलेली आणि भोवती बाई, दुसऱ्या बाई आणि शिपाईमावशी. त्या दिवशी मुलींच्या डोक्यात उवा तपासायच्या होत्या. वर्गातल्या सगळ्यांच्या वेण्या सुटल्या, हिची रिबीन सुटेना! बाईंनी नखं लावली, मावशीने दात लावले. शेवटी कात्री आणली तर पोरगी ओरडली, "कापायचं नाही! कापलेली दोरी परत वापरता येत नाही!"

बबन पुढे झाला. एकेक टोक चिमटीत धरलं, मनगट असं फिरवलं आणि दोन्ही वेण्या फटक्यात मोकळ्या!

बाई बघतच राहिल्या. "अहो, ही कसली गाठ?"

"वाऱ्याची," बबन म्हणाला. त्याचा कोटा संपला.

मग मी समजावलं. "बाई, उघड्या मैदानात मंडप टाकला की ही गाठ मारतात. वादळात मंडप उडेल, गाठ हलणार नाही!"

"अहो, पण ही लहान मुलगी आहे!"

"म्हणून तर दोन मारल्यात!"

*

ईशू पहिलीत असताना तिचा वाढदिवस चाळीत करायचा ठरला. बबनचा विचार होता चार फुगे लावू. शेठ भडकले. शेठच्या आजोबांनी भात लावला, बापाने मिठागर सांभाळलं आणि शेठच्या वाटणीच्या जमिनीत इमारती उगवल्या. बसून खातील एवढं आहे, पण बसवत नाही म्हणून मंडपाचा धंदा. म्हणाले, "पोरीचा वाढदिस आणि फुगे? मंग गोदाम काय लोनच्याला ठेवलाय? न्या काय पायजे तां!"

नेलं! चाळीच्या गल्लीत मखमली गेट, झुंबर, स्टेज, स्टेजवर नवरानवरीची दोन सिंहासनं. मागच्या पडद्यावर जरीने शिवलेलं 'शुभविवाह'. बबन म्हणाला, ते झाकू या. मी म्हटलं, झाकतो. आणि झाकलं नाही. एवढी सोय देवाने केलेली, ती वाया कशी घालवायची?

ईशू एका सिंहासनावर बसली आणि हट्टाने बापाला दुसऱ्यावर बसवलं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये लग्नाला निघालेलं एक कुटुंब आमचं गेट बघून आत वळलं. काय नटूनथटून! स्टीलच्या डब्यांचा सेट आहेर म्हणून माझ्या हातात दिला आणि थेट जेवायला बसले. त्यातल्या आजोबांनी तिसऱ्या पुरीला मला विचारलं, "आपण मुलीकडचे?"

"हो, मुलीकडचे."

"मुलाकडचे दिसत नाहीत कोणी."

"मुलगा बघितलाच नाही अजून. मुलगी पहिलीत आहे ना!"

आजोबांची पुरी घशात अडकली! ताट सरकवून ते उठलेच. नेमका त्याच वेळी मामा मोठा केक घेऊन गेटमधून आत आला. आजोबांनी त्याचाच दंड धरला. "तुम्ही कोण?"

"मी मुलीचा मामा."

"मामा? आणि नाचत आलात या लग्नाला? एवढ्याशा पोरीला उभं करताय? लाज नाही वाटत?"

मामाला बिचाऱ्याला दहा मिनिटं कळेना, केक आणल्याबद्दल आपल्याला शिव्या का पडतायत! सगळा उलगडा झाल्यावर आजोबा एवढे खजील झाले की तो डब्यांचा सेट ईशूलाच ठेवून गेले. जाताना एक पुरी मात्र खाल्ली.

मामा सिंहासनावरच्या बबनला म्हणाला, "दाजी, हे असं वातावरण मुलीसाठी..."

"केक कापू या," बबन म्हणाला.

*

आता तुम्ही म्हणाल, हा मारुती दुसऱ्याच्याच गमती सांगतो. तर घ्या माझी.

माझा सुधीर चार वर्षांचा होता. खडवलीला नदीच्या बाजूला एक लग्न होतं. बायको म्हणाली, पोराला घेऊन जा, मला जरा आराम. घेऊन गेलेलो. दुपारी चारला सगळं उरकलं, आम्ही भराभर सामान टेम्पोत भरलं, गाणी म्हणत कल्याणला आलो. गोदामात मोजणी. ऐंशी गाद्या नेलेल्या, ऐंशी आल्या. मी खूश. एवढ्यात आमचा एक जोडीदार गाद्यांच्या थप्पीला कान लावून म्हणाला, "मारुती, यातली एक घोरतेय!"

थप्पीत वरून दुसरी गादी. तिच्या वळकटीत आमचे चिरंजीव!

खरं सांगतो, तोपर्यंत मला आठवलंही नव्हतं की मी पोराला घेऊन गेलेलो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "अगंबाई, किती शहाण्यासारखा राहिला!" मी म्हटलं, "हो, एकदम गादीसारखा." तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. आता हे वाचेल. मंगल, मी कळव्याला बहिणीकडे गेलोय. शोधू नकोस.

तोच सुधीर आज स्वतःच्या पोराचे लंगोट बदलतो, बाळ झालं तेव्हा पंधरा दिवस रजा घेऊन घरी बसलेला. मी चिडवलं, "आमच्या वेळी नव्हती बाबा असली थेरं!"

लंगोटाची चिकटपट्टी लावत तो म्हणाला, "तुमच्या वेळी मोजणी फक्त गाद्यांची व्हायची."

म्हणजे कार्ट्याला सगळं माहीत होतं!

ईशूसुद्धा लग्नसराईत मंडपामागे गादीवरच झोपायची. पण बबनची एक पद्धत होती. ती ज्या गादीवर झोपली असेल तिच्या कोपऱ्याला तो लाल रिबीन बांधायचा. रिबीन बांधलेल्या गादीला हात लावायचा नाही, मग टेम्पोवाला कितीही शिव्या घालो. तिच्यासाठी आम्ही एकदा दोन तास थांबलेलो. टेम्पोवाला बबनला म्हणाला, "उठव की पोरीला!"

बबन म्हणाला, "तुला घाई आहे. तिला नाही."

*

ईशू तिसरीत असताना शाळेत पालकांची सभा लागली. बाहेरून एक समुपदेशक मॅडम येणार होत्या, विषय 'उत्तम पालक कसे व्हाल'. आम्ही एका मैदानातलं काम उरकून तसेच टेम्पोतून गेलो. बबन, मी, पक्या आणि टेम्पोवाला. पक्या म्हणजे आमच्यातला सगळ्यात दांडगा गडी, दोन्ही हातांत आठ-आठ खुर्च्या घेऊन पळतो.

गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "कुणाचे पालक?"

"ईश्वरीचे."

"चौघं?"

"घाऊक आहोत!" मी म्हटलं.

मॅडम छान बोलत होत्या. म्हणाल्या, "दिवसातला निदान अर्धा तास फक्त आपल्या मुलासाठी द्या. क्वालिटी टाइम!" मग पहिल्या रांगेत बबन दिसला, अंगावर चुन्याचे पांढरे डाग, डोक्यात बांबूच्या काड्या. मॅडमनी त्यालाच विचारलं, "तुम्ही देता का हो, अर्धा तास?"

बबन उभा राहिला. बराच वेळ हिशेब केला. मग म्हणाला, "शाळेचे पाच तास सोडले तर ती माझ्याजवळच असते. त्यातला अर्धा कुठला, ते कसं काढायचं?"

मॅडम हातातला कागद उलटसुलट करून बघायला लागल्या. त्यांना कोणीतरी पाणी आणून दिलं. त्या पाणी घेऊन म्हणाल्या, "धन्यवाद."

आणि इथे घोटाळा झाला. चाळीस वर्षांत आमच्या कानाला एक सवय लागलेली. माईकवर 'धन्यवाद' आलं की कार्यक्रम संपला, खुर्च्या उचला! बबन उभाच होता, आम्ही तिघं स्प्रिंगसारखे उठलो. मी डावी रांग धरली, टेम्पोवाल्याने उजवी, पक्याने मधली. लोक पाठीमागून "अहो, अहो" करतायत, पण त्या वेळी आम्हाला कोण ऐकू येतं? लोक नेहमीच अहो-अहो करतात! तीन मिनिटांत अर्धं सभागृह उभं, खुर्च्यांच्या थप्प्या भिंतीला. पक्याने तर मुख्याध्यापिका बाईंना "ताई, जरा" म्हणून हाताला धरून उठवलं आणि त्यांची खुर्ची पण घेतली!

मॅडम हातात ग्लास घेऊन म्हणाल्या, "अहो, माझे अजून सहा मुद्दे राहिलेत!"

मागून एक पालक ओरडला, "राहू द्या, मॅडम! उभ्याने नाही ऐकवत!"

*

हे सगळं मामाला कुठून तरी कळायचंच. त्याने ठरवलं, पोरीला हळूहळू ठाण्याची सवय लावावी. चौथीच्या दिवाळीत तिला आठ दिवसांसाठी टॉवरवर घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी फोन. बबनने गोदामात स्पीकरवर टाकला.

"दाजी, तुमच्या मुलीने आमच्या हॉलचं काय केलंय माहितेय? फोटो पाठवलाय, बघा!"

आम्ही चौघं मोबाईलवर वाकलो. मामीचे नवे पडदे चुण्या घालून टाचण्यांनी असे वर उचललेले की काय सांगू! पंख्याच्या हुकापासून चार कोपऱ्यांना मामीच्या चार ओढण्या ताणलेल्या, मधोमध गोंडा. सोफ्याला लोडाची बैठक. खरोखर फर्स्ट क्लास काम! बबनने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बारकाईने बघितला.

"डावीकडची चुणी मोठी झालीय," तो म्हणाला.

"दाजी, पंखा लावता येत नाही!"

मागून ईशूचा आवाज आला, "बाबा, इथे सगळं आधीच बांधलेलं आहे! मला काही कामच नाही!"

मी फोनमध्ये तोंड घातलं. "मामासाहेब, एवढ्या कामाला आम्ही बाहेर काय घेतो माहितेय? घरचं माणूस म्हणून सोडतोय!"

पुढे मामीनेच मला सांगितलं. ते छत तिने भाऊबीजेपर्यंत उतरवू दिलं नाही. मजल्यावरच्या सगळ्या बायका बोलावून त्याच्याखाली फराळ केला. पंख्याशिवाय, घामाघूम होऊन!

पण त्या दिवाळीनंतर बबन बिघडला. पोरीला आणायला ठाण्याला गेलेला, तिथे त्याने तिची खोली बघितली. खिडकीतून खाडी दिसते. टेबल आहे, टेबलावर दिवा, कपाटावर तिचं नाव चिकटवलेलं. परत आल्यावर आठवडाभर त्याच्या तोंडून "ओढ"सुद्धा नाही आणि "सोड"सुद्धा नाही. आम्ही अंदाजाने दोऱ्या ओढत होतो.

*

चौथीचा निकाल लागला. ईशू वर्गात दुसरी आली, शेठनी गोदामात पेढे वाटले आणि एक पेढा खाऊन झाल्यावर सगळ्यांना आठवलं, ह्याचा अर्थ काय ते. मामाचा फोन आला, "शनिवारी येतो न्यायला."

शनिवारी आमचं आंबिवलीजवळच्या एका गावात हळदीचं काम होतं. इकडच्या गावांत हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, अख्खं गाव जेवतं, मंडप पण तसाच लागतो. मामाला म्हटलं, तिकडेच या. बबन सकाळी ईशूला घेऊन आला आणि खांद्यावर तिची बॅग. नवी, फुगलेली.

"हे काय?" मी विचारलं.

त्या माणसाने आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य माझ्यावर खर्च केलं. "काका, तिथे तिला टेबल आहे, दिवा आहे, खोली आहे, माझ्याकडे गाद्या आहेत. चांगल्या बापाने काय करावं, सांगा."

मला राग आला. म्हटलं, "चांगला बाप गेला खड्ड्यात! तू वर चढ, बाहेरच्या खांबाची झालर राहिलीय!"

तो चढला. ईशूने खाली शिडी धरली. आमच्या धंद्यात कायदा एकच. वर माणूस असेपर्यंत खालच्याने शिडी सोडायची नाही. चहा येवो, फोन येवो, शेठ येवो, सोडायची नाही. चौथी नापासला पण हा पहिल्या दिवशी शिकवतात.

दुपारी दोनला मामाची गाडी आली. मामा उतरला, बॅग बघितली, खूश झाला. "शाब्बास! चल ईशू, मामी वाट बघतेय."

"बाबा वर आहेत," ईशू म्हणाली.

"हो, त्यांना टाटा कर. चल."

"मामा, शिडी धरलीय मी. वर माणूस असताना सोडत नाहीत."

मामाने मान वर केली. "दाजी, उतरा की! पोरीला निरोप तरी द्या."

वरून आवाज आला, "एक गाठ राहिलीय."

दहा मिनिटं गेली. "झाली का, दाजी?"

"अजून एक."

मी वर बघितलं. त्या खांबाच्या गाठी केव्हाच मारून झालेल्या! हा तीच गाठ सोडत होता, तीच बांधत होता. पाठ आमच्याकडे. मध्येच मनगटाने तोंड पुसायचा. ऊन फार होतं म्हणा.

तीन वाजले. घरातून बायका कालवलेल्या हळदीच्या पराती घेऊन आल्या, मांडून गेल्या. मामाचे दोन चहा झाले. ईशू जागची हलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "आबा, माझं नाक खाजवा." मी खाजवलं.

मामाने मला बाजूला घेतलं. "मारुतीकाका, तुम्ही धरा ना जरा शिडी."

"माझी कंबर गेलीय, मामासाहेब." सकाळीच मी दोन बांबू एकट्याने उचललेले, पण तेव्हा तो नव्हता.

त्याने पक्याकडे बघितलं. पक्याने झटकन आठ खुर्च्या उचलल्या. "माझे हात भरलेत!"

शेठ खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाले, "माझ्याकडं बगू नको. मना बीपी हाय."

आता एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. शिडीचं वरचं टोक बबनने चढल्या चढल्या आडव्या वाशाला बांधून टाकलेलं. ती कोणी धरायची गरजच नव्हती. हे मला ठाऊक होतं, पक्याला ठाऊक होतं, शेठना ठाऊक होतं. ईशूने तर ती गाठ मारताना बघितलेलं. मामाला ठाऊक नव्हतं. मग ते त्याला कोणी सांगायचं? मी खूप उद्योग केलेत आयुष्यात, पण चुगली? छे!

साडेतीनला ईशू एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मामाने तिच्याकडे बघितलं. वर बबनच्या पाठीकडे बघितलं. परत तिच्याकडे बघितलं. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या दुमडल्या आणि पुढे आला.

"सरक, ईशू. मी धरतो. तू जेवून घे."

ईशूने लगेच सोडली नाही. आधी त्याचा हात कुठे आहे ते बघितलं. "दोन्ही हातांनी, मामा. एक पाय खालच्या पायरीवर. आणि कोणी बोलावलं तरी जायचं नाही."

"नाही जात."

"नक्की?"

"नक्की गं बाई!"

ती जेवायला गेली. मामा उभा, इस्त्रीच्या शर्टात, भर उन्हात, शिडी कवटाळून. एवढ्यात त्याच्या वरच्या खिशातला फोन वाजला. हात मोकळा नाही. म्हणाला, "काका, जरा कानाला लावा."

मी लावला. स्पीकर चालू करून लावला, उगाच कशाला खोटं बोला. पलीकडून मामीचा आवाज आला, "अहो, निघालात का तिला घेऊन?"

मामाने वर बघितलं. बबन तीच गाठ परत सोडत होता. त्याने शिडी आणखी घट्ट धरली.

"कसा निघू, वैशाली? वर माणूस आहे!"